टाकेवाडीचं चूलबंद आवतण

"वहिनी, जरा पाळणा हलवा बघू," ऋषिकेश म्हणाला.

कुणासाठी, ते अक्षदाला आधी कळलंच नाही. आर्वी तर आजीच्या मांडीवर बसून तिची बांगडी चावत होती. खालचे दोन दात आलेले, वरचे येऊ घातलेले. हाताला लागेल ते तोंडात. माजघरातली जुन्या लुगड्याची झोळी तुळईला रिकामीच लोंबत होती.

"रिकामाच हलवू?"

"आत काहीतरी ठेवा, आर्वीच्या वजनाचं. आणि ती झोपत नसली की देता ना, तसा झोका द्या. जोरात."

आनंदीबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, बसल्या जागेवरून तांदळाची पिशवी पुढे सरकवली. अक्षदानं ती झोळीत घातली, सवयीनं कडेला दुपटं खोचलं, नि झोका दिला. तुळई करकरली. एक, दोन, तीन.

चौथ्या झोक्याला तिचा मोबाईल वाजला. मग ओटीवरचा सासूबाईंचा. मग बाहेर, शेजारच्या शाळेच्या पटांगणात, हापशापाशी, ताडपत्रीखाली, जिथं जिथं वाडीतलं माणूस होतं तिथं तिथं, एकामागोमाग साठेक फोन टुणटुणले. सगळ्यांवर एकच ओळ. हादरा नोंदला.

पटांगणात कुणी बाई किंचाळली. भांडं पडलं. ऋषिकेश दारात धावला, "काही नाही, काही नाही! तपासणी चाललीय!" म्हणून ओरडला, नि परत येऊन पेटीपाशी उकिडवा बसला. तिच्याकडे बघेना.

पेटी म्हणजे मिक्सरच्या खोक्याएवढी राखाडी वस्तू. आषाढात ऋषिकेशच्या पुण्याच्या संस्थेनं ती इथं बसवली होती, जमिनीची थरथर मोजायला. वाडीत बारावी सायन्स झालेली एकटी अक्षदा, म्हणून पेटीची राखण तिच्याकडे आली. दिवसातून तीनदा हिरवा दिवा बघायचा, धूळ पुसायची, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. थरथर ठरावीक मापापलीकडे गेली की पेटी आपणहून सगळ्यांना निरोप धाडी. माजघरातल्या खांबाखाली मोठा दगड होता, पार खाली मूळ खडकात गेलेला. ऋषिकेशनं पेटी त्याच दगडावर बोल्टनं आवळली होती. झोळी तेव्हा ओटीवर असायची. गणपतीला पाहुणे आले, ओटीवर जागा पुरेना, म्हणून झोळी आत आली ती आतच राहिली. झोळी तुळईला, तुळई खांबावर, खांब दगडावर, नि दगडावर पेटी.

"म्हणजे..." अक्षदानं झोळी धरून थांबवली. "म्हणजे सगळे? चौदाच्या चौदा?"

"चूक माझी आहे, वहिनी. मी येऊन बघायला हवं होतं."

ती भिंतीला टेकली. अकरा दिवस सगळी टाकेवाडी पटांगणात ताडपत्रीखाली झोपत होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी डोंगर खरंच गुडगुडला होता, तो सगळ्यांनीच ऐकला होता. पण नंतर निरोपांवर निरोप येत गेले नि माणसांनी घरं सोडली. तिचं घर पत्र्याचं, शाळेला लागून. दिवसा तिथं राहायला हरकत नाही, असं ऋषिकेशनंच फोनवर सांगितलं होतं. निरोप आला की ती आर्वीला झोळीतून उचलून बाहेर पळे, छातीशी धरून उन्हात उभी राही, नि देवाचे आभार मानी, की दर वेळी पोर आपल्या हाताशीच होती. हाताशीच होती! तिच्या हातानंच तर वाडी हलत होती.

बाहेर बातमी पोचायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"काय गं अक्षदा, पोरीला झोप आली का? का आमी अजून जागं र्‍हावं?" हापशावरून कुणी विचारलं नि बाया खदखदून हसल्या. अकरा दिवसांची भीती त्या हसण्यातून बाहेर पडत होती. ते हसणं तिला परवडलं असतं. पण बुधाजीतात्या हसले नाहीत.

बुधाजीतात्या म्हणजे तिचे चुलत सासरे. वाडीच्या वरच्या ओळीत, डोंगराला पाठ लावून दगडमातीची सात घरं होती. त्यातलं अगदी कडेचं त्यांचं. बायको गेलेली, मुलगी दिलेली. घरात ते नि एक म्हैस. घरामागच्या तुकड्यात पिकलेलं भात होतं, नि रात्री राखायला वर कुणी नाही म्हटल्यावर रानडुकरांनी ते लोळवून टाकलं होतं.

ते दारात आले. उंबरा ओलांडला नाही.

"तुज्या पोरीच्या झोक्यापायी माजं भात गेलं," ते म्हणाले. तेवढंच. वळले नि घोंगडी खांद्यावर टाकून चढाला लागले. त्यांच्यामागं वरच्या ओळीतले सगळे. कुणी गाद्या, कुणी कोंबड्यांची डालगी, कुणी टीव्ही. तासाभरात पटांगण रिकामं झालं. उरली ती सामाईक जेवणाची मोठी पातेली, नि मोहियुद्दीनचाचांच्या ताडपत्र्या. चाचांचा खाली रस्त्यावर मंडपाचा धंदा. ताडपत्र्या त्यांनी आपणहून दिल्या होत्या, त्या न्यायला आता टेंपो घेऊन आले होते.

आनंदीबाईंनी सुनेसाठी चहा टाकला.

ऋषिकेश लॅपटॉपवर अहवाल लिहीत होता. चौदा नोंदी रद्द, कारण घरगुती हालचाल. "आम्हाला प्रत्येक नोंदीपुढे सही लागते," तो ओशाळून म्हणाला. "मी वेळा वाचतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

"वाचा."

"शुक्रवार, सकाळी अकरा दहा."

"हो. तेल लावून अंघोळ घातली होती. तरी झोपेना."

"शनिवार, तीन चाळीस."

"हो. दातांमुळे किरकिरत होती."

घड्याळात न बघता तिला सगळं आठवत होतं. आईला आपल्या लेकराच्या झोपेचा हिशेब कुणी विचारत नाही. तो अंगातच असतो. रविवारी दोनदा, कारण शेजारी कुत्रं भुंकलं. सोमवारी एकदा, पोट दुखत होतं, ओवा चावून बेंबीवर लावला तेव्हा कुठं डोळा लागला. ती एकेकीला हो म्हणत गेली नि प्रत्येक 'हो'सरशी जमिनीत जात गेली.

"गुरुवार, दुपारी एक बावन्न."

"हो..."

तिनं सही करायला पेन टेकवलं, नि ते तिथंच राहिलं.

"गुरुवारी? नाही. गुरुवारी नाही."

"सासूबाईंनी हलवला असेल."

"आई गुरुवारी शेतावर होत्या. नि मी उपकेंद्रात. आर्वीचं नऊ महिन्यांचं इंजेक्शन होतं, गोवराचं. घराला कुलूप होतं."

"वेळ चुकत असेल तुमची."

ती मोबाईल काढून फोटो सरकवू लागली. उपकेंद्रातल्या छायाताई इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवत नि कार्डासकट बाळाचा फोटो काढायला लावत. नाहीतर तुमी बाया कार्ड हरवता नि माझ्यावर येता, म्हणत. फोटो सापडला. डोळ्यांत टपोरं पाणी, ओठ पुढे काढलेली आर्वी. वर वेळ: एक एकोणपन्नास. नि आर्वीच्या अंगाभोवती, पाऊस भुरभुरत होता म्हणून गुंडाळलेलं, विटक्या जांभळ्या काठाचं लुगडं.

ऋषिकेशनं फोटो बघितला. मान वर करून तुळईकडे बघितलं. झोळीला तेच विटके जांभळे काठ होते.

"झोळी माझ्याबरोबर होती," अक्षदा म्हणाली. "इथं हलवायला काही नव्हतंच. नि आता आठवतंय, छायाताईंच्या ट्रेमधल्या बाटल्या किणकिणल्या होत्या. त्या म्हणाल्या, खाणीत सुरुंग लावला वाटतं. मी पण म्हटलं, असेल. तिथं रेंज नसते, निरोप मला घरी आल्यावरच दिसला."

ऋषिकेशनं पुण्याला फोन लावला. भिवपुरीकडच्या एका गावात संस्थेची दुसरी पेटी होती. तिच्यातला गुरुवार काढायला सांगितला. पलीकडून कुणी तरी टाइप करत असल्याचा आवाज ऐकू येत होता. मग ऋषिकेश नुसता "हं" म्हणाला. मग पुन्हा "हं." नि हळूहळू त्याचा चेहरा असा झाला, की आनंदीबाईंनी आर्वीला पोटाशी ओढून घेतलं.

"तिथंही आहे," तो म्हणाला. "दोन सेकंदांनी उशिरा आणि खूप बारीक. म्हणजे उगम इथं आहे. इथंच कुठंतरी, वर."

"मोठा होता का?"

"नाही हो. लहान. भिंतसुद्धा तडकणार नाही असा. आपली सगळी जमीन उत्तरेला सरकतेय, वर्षाला दीड-दोन इंच, हिमालयाला रेटतेय. त्याचा ताण इथल्या जुन्या खडकांवरही येतो. हे डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर. त्यांत भेगा असतात. पावसाचं पाणी मुरलं की एखादी भेग सूतभर सरकते, झालं. त्याची भीती नाही."

"मग कशाची?"

"वर डोंगराला कुठं चीर आहे का? जमिनीत?"

अक्षदा नि आनंदीबाईंनी एकमेकींकडे बघितलं.

चीर होती. वरच्या ओळीच्या मागं, करवंदीच्या जाळीत. विसर्जनानंतर दिसली, दोन बोटं रुंद. गुरांचा पाय अडकू नये म्हणून लोकांनी ती मातीदगडांनी बुजवून टाकली होती. कुणाला सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आर्वीला सासूकडे ठेवून ती ऋषिकेशबरोबर वर चढली. परवाचे दोन दिवस परतीच्या पावसानं झोडपलं होतं. आज ऊन लख्ख होतं नि सगळा डोंगर वाफाळत होता. जाळीपाशी पोचताच ती जागच्या जागी थांबली. बुजवलेले दगड दिसतच नव्हते. ते आत पडले होते. चीर कोपरभर रुंद झाली होती, सात घरांच्या मागून विळ्यासारखी वळत गेलेली. तिच्या खालच्या अंगाची जमीन वीतभर खचलेली. ज्या लाल मातीच्या पट्ट्यातून वाडीतल्या बाया दर दिवाळीआधी भिंतींसाठी गेरू खणून नेत, तो पट्टा खाली उघडा पडला होता नि त्यातून लालसर पाणी पाझरत होतं, थेंब थेंब नाही, धार. अक्षदानं त्या मातीला बोट लावलं. लोण्यासारखं सरकलं.

"लाव्ह्याच्या दोन थरांमधली माती आहे ही," ऋषिकेश हळू बोलत होता, जणू मोठ्यानं बोललं तर काही सरकेल. "भिजली की वरचं सगळं तिच्यावरून घसरतं. हादऱ्यानं नुसतं दार उघडलंय. चला खाली. पटकन."

त्यानं तहसील कचेरीत फोन केले. पथक कर्जतहून निघेल, संध्याकाळपर्यंत येईल, तोवर वरची घरं रिकामी ठेवा, असं उत्तर आलं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण घरं तर आत्ताच, त्याच्याच तोंडच्या शब्दावरून, भरली होती.

तो दारोदार गेला. पहिल्या घरी सांगितलं, हसले. दुसऱ्या घरी म्हणाले, "साहेब, आदी तुमचा पाळणा सोडा, मंग डोंगराचं बघू." तिसऱ्या घरच्या म्हातारीनं त्याला चहा दिला नि प्रेमानं सांगितलं, की बाबा, तू शिकलेला हायस, पण अकरा दिस माज्या कमरेत वारा भरलाय, आता मी माज्या खाटेवरून उठायची नाय. बुधाजीतात्यांनी तर कडीच लावून घेतली.

तो खाली आला तेव्हा घामानं निथळत होता. "कुणीही ऐकत नाहीये. पोलिसांना बोलवू का?"

अक्षदा पायरीवर बसून आर्वीला पाजत होती. आर्वीचं एक पाऊल तिच्या हातात होतं, चटका लागेल असं गरम, मऊ. लोकांच्या लेखी चौदा वेळा खोटं बोललेल्या तोंडानं पंधराव्यांदा खरं सांगायचं. कोण ऐकणार? तिनं स्वतः तरी ऐकलं असतं का? वरच्या घरांत आत्ता चुली पेटत असतील. अकरा दिवसांनी स्वतःच्या चुलीवरचं जेवण. त्यापुढं डोंगर काय!

चूल.

"आई," ती एकदम म्हणाली. "आर्वीचं उष्टावण राह्यलंय."

उष्टावण म्हणजे बाळाला अन्नाचा पहिला घास. मामानं भरवायचा असतो. आर्वीचा मामा बोटीवर नोकरीला, पाचव्या महिन्यात आला नाही, सातव्यात आला नाही. मुलीला विषम महिना लागतो, म्हणून नववा ठरला होता.

"आता?" आनंदीबाई दचकल्या. "आता उष्टावण काय काढतेस गं? डोकं ठिकानावर हाय ना?"

"वरच्या साती घरांना चूलबंद आवतण देऊया. आत्ताच्या जेवणाचं. इथं पटांगणात."

आनंदीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. टाकेवाडीत चूलबंद आवतण सहज कुणी देत नाही. एकदा दिलं की त्या घरची चूल त्या वेळी पेटत नाही; तान्ह्यापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांनी यायचं, नाही चालवत त्याला उचलून आणायचं. नि ते मोडणं म्हणजे त्या बाळाच्या अन्नाला पाठ दाखवणं. भांडणातली माणसंसुद्धा मोडत नाहीत.

"पोरीच्या घासाचं नाव घेऊन फसवायचं लोकांना?"

"फसवायचं नाय, आई. उष्टावण खरंच करायचं. खीर खरी, भात खरा. डोंगराचं नाव फक्त काढायचं नाय." तिनं आर्वीला खांद्यावर घेतलं. "नि काही झालं नाय तर उद्या पुन्हा हसतील मला. हसू देत."

आनंदीबाई उठल्या. कुंकवाचा करंडा नि अक्षतांची वाटी घेतली, पायात चपला सरकवल्या. जाता जाता म्हणाल्या, "तांदूळ चार पायली टाक. नि त्या मोहियुद्दीनला सांग, ताडपत्री सोडू नको."

मोहियुद्दीनचाचा दोर सोडतच होते. अक्षदानं सांगितलं तसे थांबले. तिच्याकडे बघितलं, वर डोंगराकडे बघितलं. सोडलेली गाठ पुन्हा आवळली, नि म्हणाले, "दूध किती पायजेल खिरीला? टेंपो हाय, मी आनतो. नि पोरीला माज्याकडून खारीक."

सहा घरं आली. कुरकुरत आली, पण आली. कमरेत वारा भरलेल्या म्हातारीला दोघांनी खुर्चीतून उचलून आणलं. "चार म्हैने पेज ओरपतीय पोरगी, नि आज उष्टावण!" म्हणून बाया खिदळल्या, नि भाजी चिरायला बसल्या. पातेली तिथंच होती, चुलाणं तिथंच होतं. अकरा दिवसांची सवय कामाला आली. आनंदीबाई सारख्या माणसं मोजत होत्या. बत्तीस झाली. तेहतिसावं पान रिकामं होतं.

"भावजी नाय म्हनाले," त्या अक्षदाच्या कानाशी येऊन पुटपुटल्या. "अक्षताबी घेतल्या नायत. चूल पेटवून बसलेत."

दीड वाजत आला होता. अक्षदानं आर्वीला कडेवर घेतलं.

"वहिनी, वर जाऊ नका," ऋषिकेश म्हणाला. "आणि बाळाला घेऊन तर मुळीच नाही."

"बाळाशिवाय ते यायचे नाहीत."

ती चढ चढली. असं भराभर ती कधी चढली नव्हती, नि असा लांब तो चढ कधी वाटला नव्हता. कसला आवाज येतो का, म्हणून ती श्वास रोखून चालत होती, त्यामुळं जास्तच धाप लागत होती. आर्वी मात्र खुशीत होती. आईच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालून गुर्र गुर्र करत होती. आपण हिला कुठं नेतोय? हे तिच्या मनात आलं, पाय थबकले. नवीन, तिचा नवरा, खालापूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. त्याचा फोन कंपनीच्या कपाटात बंद. त्याला हे कळलं असतं तर त्यानं तिला ओढून खाली नेलं असतं. नि बरोबर केलं असतं. ती दोन पावलं मागं आली. मग पुन्हा वर वळली.

तात्यांच्या दारातून धूर येत होता.

"तात्या."

"आवतण नको मला. सांगून धाडलं ना?"

"आवतण नाय द्यायला आले. घास भरवायला माणूस न्यायला आले." तिनं आर्वीला त्यांच्या उंबऱ्यात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, बसवलं. "हिचा मामा बोटीवर. नवीनचे वडील गेलेले. घरात वडीलधारं पुरुषमाणूस तुमीच. तुमी नाय आलात तर हिला घास कोणी भरवायचा?"

तात्या चुलीपुढून वळले. आर्वी उंबऱ्यावर हात आपटत होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती रांगत थेट आत गेली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, नि दोन दात दाखवून हसली.

"लई पुढची हाय ही," तात्या म्हणाले. "माजं भात खाल्लंन, आता वर खीर माज्याच हातची पायजे." पण हात आपोआप तिच्या पाठीशी गेला होता.

"चला ना, तात्या. आत्ता. पान मांडलंय."

"म्हशीला पानी दाखवून येतो."

"नंतर दाखवा. मुहूर्त टळतोय." मुहूर्त कुठला होता? ती खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा मुहूर्तावरून खोटं बोलली, नि आर्वीला त्यांच्या कडेवर देऊन स्वतः त्यांच्या मागं चालू लागली, म्हणजे ते परत वळू नयेत.

खाली पाट मांडला होता, पानं वाढली होती, भुकेजल्यांनी सुरुवातही केली होती. तात्या बसले, मांडीवर आर्वी. आनंदीबाईंनी ओवाळलं. कुणी तरी बोटातली अंगठी दिली. तात्यांनी ती खिरीत बुडवली. "जरा थांब की गं, भस्म्या झालाय का तुला?" आर्वी तोंड वासून अंगठीकडे झेपावत होती. सगळे हसले. अक्षदासुद्धा हसली. क्षणभर तिला खरोखरच वाटलं, की हे नुसतं उष्टावणच आहे.

खडीचा डंपर रिकामा करावा तसा आवाज आला. सगळ्यांनी मान रस्त्याकडे वळवली, डंपर बघायला. रस्ता मोकळा होता.

मग आवाज थांबेना.

वर बघितलं तेव्हा करवंदीची जाळी उभीच्या उभी चालत येत होती. झाडं पडत नव्हती, उभीच, हळूच, माणसं यावीत तशी खाली येत होती. त्यांच्या पुढं घरं होती. पहिल्या घराची कौलं पाखरांसारखी उडाली. दुसरं घर वाकलं. मग लाल धुरळा उठला नि काही दिसेना, फक्त आवाज, पोटात शिरणारा. पायाखालची जमीन धडधडत होती. सगळ्यांच्या खिशांत फोन वाजत होते नि कुणी बघत नव्हतं. धुरळा पटांगणाच्या कडेपर्यंत आला, पानांतल्या भातावर लाल सायीसारखा बसला, नि थांबला.

पानं मांडलेली, त्यापुढं माणसं बसलेली, काहींच्या हातात घास. ती खाटेवरची म्हातारी घास चावतच राहिली, नुसती चावत राहिली, गिळेना. ऋषिकेश उभा होता, तो खाली बसला. मोहियुद्दीनचाचांनी ताडपत्रीचा बांबू दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला होता, जणू तेवढंच अजून उभं होतं.

आनंदीबाई ओळीतून चालू लागल्या. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत, मोजत. तेहतीस. शेवटाला पोचल्या नि परत फिरून पहिल्यापासून मोजू लागल्या.

अक्षदानं आर्वीला तात्यांच्या मांडीवरून उचललं. पोरीच्या पापण्या लाल झाल्या होत्या. पदराच्या टोकानं तिनं त्या पुसल्या. आर्वी भोकांड पसरून रडली. रडणारं सगळ्या पटांगणात ते एकच माणूस.

तात्यांच्या चिमटीत अंगठी तशीच होती, खीर ओघळत होती. ते वर बघत होते, जिथं त्यांचं घर होतं तिकडे. तिथं आता आभाळ जरा जास्त दिसत होतं.

"तुला ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं. तिच्याकडे न बघता.

"नक्की नव्हतं, तात्या."

त्यांनी मान हलवली. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले, अंगठी पाटावर ठेवली नि हापशाकडे चालू लागले. तिथं कुणाची तरी बादली होती. ती नळाखाली सरकवली, नि दांडा धरून हापसू लागले.

"तात्या, काय करताय?"

"म्हशीला पानी दाखवायचं र्‍हायलंय गं," ते म्हणाले. "सकाळधरनं तान्हेली हाय ती."

दांडा वर-खाली होत होता, पण हातांत जोर नव्हता, पाणी येईना. अक्षदा रडत्या पोरीला कडेवर घेऊन त्यांच्याजवळ गेली. मोकळ्या हातानं तिनंही दांडा धरला नि त्यांच्याबरोबर हापसू लागली.